वहिनीला पिसवांचं सांगू नकोस

१६ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

काल फोनवर तू विचारलंस, "दादा, आवाज असा का येतोय?" आणि मी म्हणालो, तोंडात खिळे आहेत. खिळे नव्हते. समोर गिऱ्हाईक बसलं होतं आणि ते सारखं पाय खाजवत होतं. त्याच्यादेखत काय बोलणार? म्हणून आता सावकाश लिहितो.

आपल्या घरात पिसवा झाल्या आहेत.

आधी वाटलं डास असतील. मग वाटलं, उष्णतेचं असेल. मग एक दिवस पांढऱ्या चादरीवर तिळाएवढा ठिपका दिसला. बोट नेलं तर ठिपका उडी मारून पसार. आता घोट्यापासून गुडघ्यापर्यंत माझे पाय असे झालेत की अर्धी विजार घालून दारात उभं राहायची सोय नाही. मावशी दिवसभर मागच्या पायाने कान खाजवते. फौजदार चालता चालता मध्येच बसतो आणि शेपटीच्या मुळाशी असा चावतो की जणू तिथे चोर लपलाय. बोका असून त्याचा सगळा रुबाब गेला.

पुढे दुकान आणि मागे आपण राहतो, मध्ये नुसता पडदा. लोकांचे सोफे, खुर्च्या भरायला माझ्याकडे येतात आणि मांजरी त्यांवर बसून तपासणी करतात, हे तुला माहीतच आहे. उद्या एखाद्याच्या सोफ्यातून पिसवा त्याच्या घरी गेल्या, तर माझं दुकान बंद. पण ती भीती दुसरी. पहिली भीती तुझ्या वहिनीची.

बाळंतपणाला ती आईकडे गेली ते आता एका परीने बरंच झालं म्हणायचं. मार्च लागताच तिला आणि बाळाला आणायचं ठरलंय. सासूबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतं ना? "जावईबापू, घरात मांजर ठेवा नाहीतर मूल ठेवा." मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आई, आमच्या मांजरी माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत." ते वाक्य आता घशात अडकलंय. त्यांना कळलं तर त्या बाळाला इथे पाठवणार नाहीत. आणि मांजरी घालवायच्या म्हटलं, तर मावशी तुझ्या वहिनीबरोबर लग्नात टोपलीतून आलेली. तिला कुठे सोडू? फौजदाराला मी गटाराकाठून उचललाय, त्याला परत गटार दाखवू?

तू आपल्या घरातली पहिली शिकलेली. विज्ञान शिकवतेस. आता त्या पदवीला जरा कामाला लाव. आणि एक कर, वहिनीला पिसवांचं सांगू नकोस. माझी शपथ.

तुझा
दादा

२१ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग तुझे पाय डोळ्यांसमोर आले. खाजवू नकोस. नखं काप. थंड पाण्याचं फडकं ठेव.

यात लाजण्यासारखं काही नाही, हे मला सगळ्यात आधी लिहायचंय. पिसवा घाणेरड्या माणसाकडेच होतात असं नाही. जिथे ऊब आहे आणि केसाळ प्राणी आहे तिथे त्या होतात. वर्गात मी हेच सांगते की रोगाची लाज धरली तर रोगाचं फावतं. तू हे वाचून "सुरू झालं हिचं भाषण" म्हणणार, तरी लिहिते.

इथे जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत. वसतिगृहातून शाळेत जाताना त्यांचा दवाखाना लागतो, म्हणून आत शिरले. त्या म्हणाल्या, मांजरीच्या अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे नुसती वरात. खरा संसार घरात असतो. अंडी अंगावरून गळून पडतात. त्यातून अळ्या निघतात, त्या अंधारात, फटींत, धुळीत, कापडाच्या घड्यांत राहतात आणि मग कोष करतात. कोषावर औषध फारसं चालत नाही. आतली पिसू नुसती वाट बघत बसते. पायांचा हादरा बसला, ऊब लागली की बाहेर उडी. म्हणून संपल्या संपल्या म्हणेपर्यंत पुन्हा दिसतील. तेव्हा खचू नकोस, ते तुझं अपयश नव्हे.

आता काम. दोन्ही मांजरींना बारीक दातांच्या फणीने रोज विंचर आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडव. पिसू साबणाच्या पाण्यात बुडते, साध्या पाण्यात तरंगते. मांजरी जिथे जिथे झोपतात तिथलं सगळं अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यात धू आणि कडक उन्हात वाळव. कपाटाखाली, भिंतीच्या कडेला, जमिनीच्या फटींत जी धूळ आहे ती रोज काढ. तू ज्या कचेरीच्या खुर्च्या नीट करतोस, त्यांच्याकडे धूळ खेचायचं मशीन आहे ना? माग. आणि खोली साफ झाली का हे बघायला पांढरे मोजे घालून तिथे हळूहळू फिर. पिसू असेल तर मोज्यावर उडी मारेल आणि दिसेल.

मांजरी झोपतात कुठे, ते मला नक्की लिही. सगळं त्यावर आहे.

वहिनीला सांगणार नाही. पण दादा, मला हे पटत नाही. शपथ घातलीस म्हणून गप्प बसते.

तुझी
मास्तरीण

२ मार्च

मास्तरीणबाई,

तू सांगितलंस ते सगळं केलं. चादरी उकळल्या, उशांचे अभ्रे उकळले, पडदा उकळला तर तो एवढासा झाला. आता दुकानातून आतलं सगळं दिसतं. गिऱ्हाईकाला बसायला लाकडी बाक ठेवलाय. "सोफेवाल्याकडे सोफा नाही?" असं एकाने विचारलं. म्हटलं, हलवायाला गोड वर्ज्य असतं.

मशीन आणलं. ते सुरू झालं की फौजदार कपाटावर आणि मावशी माझ्या डोक्यावर. विंचरायचं म्हणशील तर मावशी राणीसारखी बसते, मान वर करते, इकडून घे, तिकडून घे. फौजदाराला विंचरायला दोन माणसं लागतात आणि मी एकटा. माझ्या हातांवर आता पिसवांपेक्षा त्याचेच चावे जास्त आहेत.

पांढरे मोजे घालून आतल्या खोलीत फिरत होतो, हळूहळू, एकेक पाऊल, तू म्हणालीस तसं. शेजारची शिंपीणबाई विजार द्यायला आली, दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, वहिनीला आणा हो लवकर." मी काय सांगणार? म्हटलं, नवे मोजे आहेत, सैल करतोय.

आता चांगली बातमी. औषधाच्या दुकानात कुत्र्यांच्या पिसवांवरचे थेंब मिळाले. दुकानदार म्हणाला, कुत्रा काय नि मांजर काय, पिसू तीच. जालीम आहे म्हणतो. उद्या सकाळी फौजदाराच्या मानेवर घालतो.

मांजरी झोपायचं विचारलंस. आमच्या अंथरुणात नाहीत. त्यांची जागा ठरलेली आहे, तिकडची काळजी नको.

तुझा
दादा

६ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं तशी वर्गातून उठून मुख्याध्यापिकांच्या खोलीतून फोन केला, आणि सगळ्यांसमोर ओरडले. तू म्हणालास, "घातले, तीन दिवस झाले, तो जरा थरथरतोय, थंडी असेल." मार्चमध्ये कसली थंडी, दादा!

कुत्र्यांच्या त्या औषधातलं द्रव्य मांजरीला विषासारखं असतं. मांजरीच्या शरीराला ते पचवताच येत नाही. हे मला आधी लिहायला हवं होतं. तू बाजारात जाशील हे माझ्या ध्यानातच आलं नाही, म्हणजे तुला मी ओळखतच नाही म्हणायचं. डॉक्टरांकडे लगेच घेऊन गेलास हे शिंपीणबाईंच्या फोनवरून कळलं. फौजदार कसा आहे, तेवढं एका ओळीत तरी कळव.

आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय मावशीला काही लावू नकोस. फिनेल नको, डांबरगोळ्या नकोत, कुणी सांगितलेलं तेल नको. मांजर अंग चाटतं, तेव्हा अंगावर पडलेलं सगळं पोटात जातं.

"त्यांची जागा ठरलेली आहे" म्हणजे कुठे? हे उत्तर नव्हे, दादा. माझ्या वर्गातली पोरं असंच उत्तर देतात.

तुझीच

१४ मार्च

मास्तरीणबाई,

फौजदार वाचला. डॉक्टरांनी दोन रात्री ठेवून घेतलं, अंग धुतलं, सुई टोचली. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. सोडताना डॉक्टर म्हणाले, "याला मारायचा विचार होता का?" मी म्हटलं, "नाही हो, वाचवायचा होता." ते म्हणाले, "दोन्हीला एकच बाटली वापरता का?" आता त्यांनी मांजरींचे थेंब दिलेत, वजन करून. दोघांनाही घातलेत. फौजदार मला बघून भिंतीकडे तोंड करतो. चार दिवस बोलत नव्हता, काल मांडीवर आला.

पिसवा कमी झाल्या. आतली खोली मोज्यांच्या परीक्षेत पास. पण दुकानामागच्या बोळवजा जागेतून पुन्हा येतात. कुठून येतात, देव जाणे. झाडतो, पुसतो, दुसऱ्या दिवशी परत हजर.

तुझ्या वहिनीला कळवलंय की घराला रंग काढलाय, वास आहे, एवढ्यात येऊ नको. रंग काढला तर पाहिजेच होता, तेव्हा अगदीच खोटं नाही. बाळाला बघायला जीव तुटतो. जन्मली तेव्हा चार दिवस बघितली, तेवढंच. पण माझ्या कपड्यांतून एखादी तिकडे गेली तर? म्हणून जात नाही. पत्रातून विचारत असतो की बाळाची कातडी कशी आहे, चिवट की नाजूक. चावल्यावर गांधी उठतील का, याचा अंदाज नको का घ्यायला? पण ती धड उत्तरच देत नाही. "मऊ आहे" म्हणते. मऊ तर सगळीच असते.

वाट बघताना हात गप्प बसत नाहीत, म्हणून बाळासाठी गादी शिवली. दाभणाने नाही, बारीक सुईने. टाके दिसणारसुद्धा नाहीत. त्यात मागच्या ढिगातला सगळ्यात मऊ कापूस घातलाय. तुला माहीत आहे, जुन्या सोफ्या-गाद्यांतलं काही मी टाकत नाही. काथ्या वेगळा, कापूस वेगळा, पिंजून ठेवतो. मावशी त्या कापसावरच झोपते ना, म्हणून मला कळलं की तोच सगळ्यात मऊ. तिची पारख कधी चुकत नाही.

तुझा
दादा

१५ मार्च

प्रिय वन्सं,

तुला असं वेगळं पत्र कधी लिहिलं नाही, म्हणून दचकू नकोस. आम्ही दोघी बऱ्या आहोत. बाळ रात्री जागतं आणि दिवसा घोरतं, अगदी तुझ्या भावासारखं.

त्याच्याचबद्दल लिहायचंय. तो मला आणायला येत नाहीये. आधी म्हणाला रंग काढलाय. मग म्हणाला, रंग वाळला नाही. मग म्हणाला, दुसरा हात द्यायचाय. आपलं घर ते केवढं, त्यात हत्तीला रंग देतोय का? फोन केला की मागे ठाक-ठाक वाजतं आणि "नंतर बोलतो" म्हणतो. बाळाला बघायला परत एकदाही आला नाही.

हेही मी सोसलं असतं. पण पत्रात तो सारखं एकच विचारतो, "बाळाची कातडी कशी आहे?" सोफ्याचं रेक्झिन विचारावं तसं. मी लिहिलं, मऊ आहे. तर पुढच्या पत्रात, "मऊ ते कळलं, पण कशी आहे ते खरं सांग, लपवू नकोस."

बाळ सावळं आहे, वन्सं. जन्मली तेव्हा लालबुंद होती, आता तिच्यात माझा रंग उतरलाय. माझ्या आईने ती पत्रं पाहिली. ती नुसती बाळाला घेऊन आत गेली. लग्न ठरताना ज्यांनी ज्यांनी माझ्या रंगावरून नाकं मुरडली, त्या सगळ्यांचे चेहरे मला आठवले. तुझ्या भावाने तेव्हा एक शब्द विचारला नव्हता. "मांजर घेऊन येणार का?" एवढंच विचारलं होतं. म्हणून तर मी हो म्हटलं.

तोच माणूस आता हे विचारतो. मला समजत नाहीये. त्याला नको असेल तर मी बोलावल्याशिवाय येणार नाही, एवढा मान मलाही आहे. तुला काही माहीत असेल तर सांग. तू खोटं बोलत नाहीस.

तुझी
वहिनी

१९ मार्च

दादा,

तुम्हा दोघांची पत्रं मला एकाच दिवशी मिळाली. दोन्ही समोर ठेवून बसले आहे.

आधी कापूस. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय म्हणू? मावशी जिथे झोपते तो ढीग म्हणजे पिसवांचं माहेरघर. अंडी तिथे, अळ्या तिथे, कोष तिथे. तू चादरी उकळल्यास, पडदा आटवलास, आणि ढीग सोडलास, कारण तुझ्या लेखी ते अंथरूण नाही, ते सामान आहे! आणि त्यातला सगळ्यात मऊ, म्हणजे मावशीच्या अंगाखालचा कापूस तू बाळाच्या गादीत शिवलास. ती गादी बाळाच्या जवळपाससुद्धा जाता कामा नये. ढीग आणि गादी दोन्ही घराबाहेर काढ आणि जाळून टाक. आजच.

आता दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. तू कातडी का विचारतोस हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. वहिनीला काय वाटतंय, माहीत आहे? तिला वाटतंय तू बाळाचा रंग विचारतोयस. बाळ सावळं आहे म्हणून तू येत नाहीस, असं ती धरून चालली आहे. ती रडत नाहीये, दादा. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने मला शांतपणे विचारलंय, तुला काही माहीत आहे का.

आजच्या आज तिला खरं लिही. नाहीतर मला शपथेतून मोकळं कर, मी लिहिते.

तुझी बहीण

२४ मार्च

मास्तरीणबाई,

रंग. मला रंग विचारायचा असता तर मी कातडी कशाला म्हणालो असतो? माझं डोकंच चालेनासं झालंय. पत्र वाचून तिला लिहायला बसलो, चार कागद फाडले. "तुझ्या मुलीच्या कातडीचं मी पिसवांसाठी विचारलं" असं लिहून बघ बरं, कसं दिसतं ते. आणि ते पत्र तिची आई आधी वाचणार. मग संपलंच. सासूबाई म्हणतील, माझी लेक नि नात त्या पिसवांच्या घरात? कायमची ठेवून घेतील.

मला एवढे थोडे दिवस दे. ढीग बाहेर काढला, पोत्यांत बांधून लांबच्या उकिरड्यावर नेऊन जाळला. तू खरं बोललीस. दुसऱ्याच दिवशी फरक पडला.

पण गादी जाळणार नाही. तो कापूस आईच्या गादीतला आहे. तुला आठवणार नाही, तू तिच्या कुशीत पालथी झोपायचीस त्याच गादीवर. शाळा सोडून मी कामाला लागलो तेव्हा उस्तादांनी मला पहिलं काम दिलं, "घरचं काहीतरी भरून आण." मी आईची गादी भरली. वेडीवाकडी झाली होती. एका अंगाला टेकाड, एका अंगाला खड्डा. ती म्हणायची, "माझ्या लेकाने भरलीय, मला खड्डासुद्धा मऊ लागतो." ती गेल्यावर तेवढा कापूस मी कुणाच्या सोफ्यात घातला नाही. माझ्या मुलीला आजीची म्हणून दुसरी कुठली वस्तू देणार आहे मी? उन्हात घालतो, वाफ देतो, काय वाटेल ते करतो. पण जाळणार नाही.

आणि शपथेतून मोकळं करत नाही. तू शब्द मोडणारी नाहीस.

दादा

२८ मार्च

प्रिय वहिनी,

तू लिहिलंस की मी खोटं बोलत नाही. पण मी गेले कित्येक दिवस गप्प बसून खोटंच बोलत होते. दादाने शपथ घातली होती. आज ती मोडते आहे. त्याने मला शिकवण्यासाठी स्वतःचं शिक्षण सोडलं, त्याचा शब्द मोडणं सोपं नाही. पण त्याची अब्रू राखायची म्हणून तुला जळत ठेवायचं, हे मला जमणार नाही. मी मुलांना रोज सांगते की लपवलेलं दुखणं वाढतं. मग माझ्याच घरात तोंड मिटून कशी बसू?

घरात रंग काढलेला नाही. घरात पिसवा झाल्या आहेत, मांजरींमुळे.

कातडी त्याने एवढ्यासाठी विचारली की बाळाला पिसू चावली तर किती सुजेल, याचा अंदाज त्याला घ्यायचा होता. रंगाचा विचार त्याच्या मनात आला नाही, त्याच्या डोक्यात तो शिरतच नाही. तो तुमच्याकडे आला नाही, कारण कपड्यांतून एखादी पिसू बाळापर्यंत जाईल, ही भीती. तुला आणलं नाही, कारण तुझ्या आईला कळलं तर त्या मांजरी काढायला लावतील नाहीतर तुम्हाला पाठवणार नाहीत, ही भीती. मावशीला तो काढू शकत नाही, तुझी म्हणून. हे सगळं तो एकटा करतोय. पांढरे मोजे घालून घरभर फिरतो. फौजदाराला चुकीचं औषध घालून बसला होता, तो मरता मरता वाचला. शेजारच्या शिंपीणबाईंना वाटतं, दादाला भ्रम झालाय.

एक गोष्ट मात्र तूच करू शकशील. त्याने बाळासाठी एक सुंदर गादी शिवली आहे, आमच्या आईच्या गादीतल्या कापसाची. त्याच कापसावर मावशी झोपायची. त्या गादीवर बाळाला झोपवू नकोस. ती राहिली तर पिसवा जाणार नाहीत. माझं तो ऐकत नाही. माझ्यासाठी तो कापूस नुसती गोष्ट आहे, मला आठवत काही नाही. त्याला सगळं आठवतं.

आता तू ठरव. तू रागावलीस तर माझ्यावर रागाव.

तुझी
वन्सं

११ एप्रिल

फितूर बाई,

शब्द मोडलास. घरभेदी! आता बस आणि काय झालं ते वाच.

मी दुकानात एका आरामखुर्चीचा तळ उसवत होतो. तोंडात खिळे होते, या वेळी खरे. रिक्षा थांबली. मान वर केली तर पायरीवर तुझी वहिनी, कडेवर बाळ, पायाशी पिशवी, आणि मागे सासूबाई. मी खिळे गिळायचाच बाकी होतो.

मी म्हटलं, "अगं, घर... अजून..."

ती म्हणाली, "रंग वाळला का?"

मी तोंडातले खिळे काढून खिशात टाकले. तिने बाळाला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हिला घेऊन इथेच बाहेर उभा राहा. आत येऊ नकोस." हात भरलेले असले की माणसाला काही लपवता येत नाही, हे तिला बरोबर माहीत आहे. मग पदर खोचून ती आत गेली. मला बाहेरून नुसते आवाज येत होते. कपाट सरकल्याचा, खिडकी उघडल्याचा, फौजदाराच्या ओरडण्याचा. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या. मी म्हटलं, "आई, चूक झाली." त्या म्हणाल्या, "चूक कसली. आमच्याकडे कोंबड्या होत्या तेव्हा काय कमी होतं? मला सांगितलं असतंत तर मीच आले असते झाडू घेऊन." आणि खरंच आत गेल्या, झाडू मागत. ज्यांच्या भीतीने मी दीड महिना पाय खाजवत बसलो, त्या ह्या बाई!

बाळ जागं होतं. माझ्याकडे बघत होतं, गिऱ्हाईक नव्या कारागिराकडे बघतं तसं, जमेल का याला, अशा नजरेने. तिचा रंग बघितला मी, तू म्हणालीस म्हणून. चांगल्या भाजलेल्या मातीसारखा आहे. कुठे एक डाग नाही. मला हसू आलं नि रडू आलं, दोन्ही एकदम. तेवढ्यात तिने माझा खिळेवाला खिसा ओला केला.

मग तुझी वहिनी गादी घेऊन बाहेर आली. मी म्हटलं, "ही नको." ती माझ्याजवळ पायरीवर बसली. ओरडली नाही. गादीवरून हात फिरवला, टाके शोधले, सापडले नाहीत. म्हणाली, "एवढं बारीक तू माझ्या पोलक्यालासुद्धा घातलं नाहीस कधी." मग म्हणाली, "तूच सांगतोस ना, तुझ्या आईने ती खड्ड्याची गादी मऊ म्हटली होती, ते कापसासाठी का?"

मी टाके काढायची उसवणी तिच्यापुढे सरकवली. 

उसवली तिनेच, माझ्याच उसवणीने. मी बाळाला घेऊन उभा होतो. कापूस मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात जाळला. लगेच पेटतो तो, क्षणात जातो. मला वाटलं होतं फार वेळ लागेल. वास आला, बस. मावशी खिडकीत बसून बघत होती, जणू तिचाच वाडा जळतोय.

संध्याकाळी मी म्हटलं, "निदान आजची रात्र शिंपीणबाईंकडे झोप. घर साफ झालं की ये."

ती म्हणाली, "साफ घरात पाहुणे बोलावतात. मी काय पाहुणी आहे? मला आधी बोलवायचं, मग झाडायचं."

आतली खोली साफ होतीच, मोज्यांनी सांगितलेलं. बाळाची खाट भिंतीपासून लांब ओढली आहे, चादर जमिनीला लागत नाही. मांजरींना तिथे तूर्तास बंदी. फौजदार उंबऱ्याबाहेर बसतो आणि आतल्या प्रत्येक रडण्याला उत्तर देतो. सासूबाई चार दिवस राहून गेल्या. जाताना मावशीला विंचरत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "हिच्या अंगावर आता काही नाही हो, उगाच विंचरते. बरं वाटतं." अजून अधूनमधून एखादी पिसू निघते. काल तुझ्या वहिनीला चावली. तिने पकडली, साबणाच्या पाण्यात टाकली आणि म्हणाली, "ही तुझ्या बहिणीच्या नावाने." म्हणजे राग अजून आहे, थोडा. माझाही आहे. मी तिला म्हटलं, शपथ मोडणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा? ती म्हणाली, "तिने नसती मोडली तर मी अजून तिकडेच बसले असते, तुझा रंग वाळायची वाट बघत." यावर मी मावशीला विंचरायला घेतलं. 

बाळासाठी नवी गादी भरतोय, नव्या कापसाची. तुझी वहिनी म्हणाली, एका अंगाला थोडं टेकाड ठेव. ठेवलंय.

शाळेला सुट्टी लागेल ना आता? तुझ्या भाचीने अजून तुला पाहिलेलं नाही. पांढरे मोजे आण. आणि ये. घर अजून साफ झालेलं नाही.

तुझा
दादा